उन्हाचे दोन

‘तो पांढरा झगा घालून गावात येऊ नको,’ असं भावानं मला सांगितलं तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. अमरावतीला नर्सिंगचं शिक्षण पुरं करून बाळापूरकडच्या आमच्या गावी चार दिवस राहायला आले होते. घरी काळी जमीन, बैलजोड्या, खाण्यापिण्याची ददात नाही. पण पारावर कोणी काही बोललं की भावाचा चेहरा पडायचा. मी म्हटलं, ‘झगा घालूनई येत नाई आन् झगा काढूनई येत नाई.’ दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली मोटार धरली आणि अकोल्याला निघून आले. आई दारापर्यंत आली, पण भावासमोर काही बोलली नाही. माझं तोंड असं आहे, काय करता! रागाच्या भरात बोलून बसले आणि पुढं वर्षानुवर्षं ते निभावत राहिले.

अकोल्यात तेव्हा कापसाच्या व्यापाऱ्यांनी मिळून चालवलेला बायकांचा एक दवाखाना होता. आता नाही. बाळंतिणींचा एक लांबलचक वॉर्ड, वर पत्रा, पत्र्याखाली ठोकलेल्या चटया, आणि मागं आम्हा नर्सांच्या खोल्या. जवळच जिनिंग होतं. हंगामात कापसाचे तंतू उडत यायचे आणि खिडक्यांच्या जाळ्यांना चिकटून बसायचे. आम्ही सहाजणी. चौघी मिशनमध्ये शिकलेल्या. त्यांची प्रार्थना, त्यांचे सण, त्यांची थट्टामस्करी सगळी त्यांच्यातल्या त्यांच्यात. पाचवी अकोल्याचीच, ड्यूटी संपली की घरी जायची. राहिले मी. रविवारी सुट्टी असली की मला धडकी भरायची. सकाळी कपडे धुऊन व्हायचे, अकरापर्यंत पोळीभाजी व्हायची, आणि मग संध्याकाळपर्यंत करायचं काय? कधीकधी मी सुट्टीच्या दिवशीही उगाच वॉर्डात एक चक्कर मारून यायचे. लोक म्हणायचे, काय कामसू पोट्टी आहे. कामसू कसली, डोंबल! मला बोलायला कोणी नव्हतं.

दवाखान्याच्या समोरच्या आळीत एक वकिलीणबाई राहायच्या. चैत्रात त्यांनी आळीतल्या सगळ्यांना हळदीकुंकवाला बोलावलं, शिंप्याच्या बायकोला, पोस्टातल्या बाबूच्या बायकोला, सगळ्यांना. मी रोज त्यांच्या दारावरून जायचे, मला नाही. नर्सनं कुठं कुठं हात घातलेला असतो, म्हणे. पुढं त्याच बाई बाळंतपणाला आमच्याकडं आल्या आणि अख्खा दिवस माझा हात सोडायला तयार नव्हत्या. ‘सिस्टर, जाऊ नका हो, जाऊ नका.’ मी गेले नाही. मुलगा झाला. बारशाचं बोलावणं मात्र काही आलं नाही, आणि मला त्या गोष्टीचा राग अजून आहे.

या सगळ्यात मला माणूस म्हणून जे कोणी होतं ते एकच, आमच्या मेट्रनबाई. त्या एका माणसाला मी कसं गमावलं, तेच मला सांगायचं आहे.

बाई अमरावतीच्या, राजापेठेतल्या एका वकिली करणाऱ्या घरातल्या. लग्नानंतर दीड वर्षात नवरा गेला आणि सासरच्यांनी त्यांना माहेरी आणून सोडलं. वडिलांनी कोणाचं काही न ऐकता नर्सिंगला घातलं. त्या काळात, त्या घरातून! भाऊबंदांनी त्यांच्या घरचं पाणी पिणं सोडलं होतं, असं त्यांनी मला एकदा अगदी सहज सांगितलं. मी आले तेव्हा त्या पन्नाशीच्या जवळ होत्या. उंच, सडसडीत, पांढरी नऊवार कडक नेसलेल्या. आवाज कधी चढत नसे, आणि तरी वॉर्डात त्या आल्या की आया खाटांखालचा केर पुन्हा काढायला लागायच्या.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बोलावून माझा रिपोर्ट समोर ठेवला. मी लिहिलं होतं, ‘पेशंट बरी आहे.’

‘बरी आहे म्हणजे काय गं?’

‘बरी आहे म्हंजे... बरी आहे, बाई.’

‘कोणाला वाटतं ती बरी आहे? तिला, की तुला?’

मला वाटलं, आता माझ्या ‘मले-तुले’वर घसरतील, अमरावतीच्या शाळेत त्यावरून माझी पुरेशी टिंगल झाली होती. पण बाई म्हणाल्या, ‘बोलायचं ते तुझ्या घरचंच बोल, त्यात काही वाईट नाही. लिहिताना मात्र जे पाहिलंस तेवढंच लिही. किती जेवली, किती झोपली, उठून बसली का. बरी आहे की नाही ते वाचणाऱ्याला ठरवू दे.’ एवढं सांगून त्यांनी रिपोर्ट परत दिला. मला रात्रपाळीच्या झोपेतून उठवून बोलावलं होतं म्हणून मी आधी चिडले होते, पण खोलीवर जाऊन तो कागद दोनदा लिहून काढला.

त्यानंतर दर गुरुवारी दुपारी मी त्यांच्या खोलीत जायला लागले. त्यांच्याकडं विलायतेचं नर्सांचं एक मासिक यायचं, तीन-तीन महिने उशिरा, कोपरे दुमडलेलं. त्या एक परिच्छेद वाचायच्या, मग मला वाचायला लावायच्या. माझं इंग्रजी म्हणजे आनंदच होता. पण त्यांनी कंटाळा केला नाही. त्या मासिकात नर्सांनी स्वतः केलेली कामं छापून यायची. कोणी पाठीच्या जखमांवर लिहिलेलं, कोणी तान्ह्या मुलांच्या वजनावर. ‘बघ,’ बाई म्हणायच्या, ‘ही डॉक्टर नाही. तुझ्यासारखीच खाटांमधून फिरणारी आहे. हिनं फक्त वर्षभर नीट पाहिलं आणि लिहून ठेवलं.’ दिल्लीला नर्सांसाठी शिकवण्याचा एक वरचा कोर्स होता. जायचं तर आधी स्वतः केलेलं असं काही काम लिहून दाखवावं लागे, आणि मेट्रनची शिफारस लागे. आमच्या दवाखान्यातून कोणी गेलेलं नव्हतं. ‘माझं वय गेलं,’ बाई म्हणाल्या. ‘तू जायचंस.’ मग त्यांनी माझ्यापुढं पोह्यांची बशी सरकवली. माझ्याबद्दल असं काही कोणी ठरवलेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं.

आता ‘उन्हाचे दोन’ म्हणजे काय, ते सांगते. वैशाखात अकोल्याचं ऊन असं, की खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावून, त्यांवर पाणी मारूनसुद्धा दुपारी चारला वॉर्डात पत्रा वरून भाजून काढायचा. ताप पाहायची वेळ सकाळी सहा आणि दुपारी चार. थर्मामीटर काचेच्या बाटलीत, जंतुनाशक लोशनमध्ये. ते लोशनही कोमट झालेलं. पारा झटकून खाली आणावा, तर बाईच्या तोंडात घालेपर्यंत तो आपला पुन्हा शंभराच्या वर. मग चांगल्या धडधाकट बाळंतिणीलाही दुपारी शंभर-एकशे एक ताप दिसायचा. म्हणून आमच्या वॉर्डात एक रीत होती. होळी झाली की मृग लागेपर्यंत दुपारी जो आकडा दिसेल त्यातून दोन वजा करायचे आणि मग चार्टवर लिहायचं. हे कुठं लिहिलेलं नव्हतं. मी आले तेव्हा जुन्या नर्सनं मला सांगितलं, ‘उन्हाचे दोन काढून टाकत जा,’ आणि मी नंतर आलेल्यांना सांगितलं. कोणी ‘काहून?’ म्हणून विचारलं नाही. मीसुद्धा नाही, आणि मला तर शहाणी म्हणायचे.

तिसऱ्या उन्हाळ्यात एक बाई आमच्याकडं बाळंत झाली. पहिलटकरीण, माझ्याच गावाच्या पलीकडच्या गावची. माझं आडनाव ऐकून म्हणाली, ‘तुमी त्या चिंचेजवळच्या घरच्या व्हय का? तुमची माय मले मायीत हाय. लय चांगली बाई.’ आईचं नाव काढणारं माणूस मला तीन वर्षांत भेटलं नव्हतं. मी दिवसातून चारदा तिच्या खाटेशी जायचे. तिसऱ्या दिवशी दुपारी तिचा ताप पाहिला, एकशे दोन. मी लिहिले शंभर. ती म्हणाली, ‘सिस्टर, मले आतून लय गरम लागून राह्यलं.’

‘उन्हाळा हाय ना वं,’ मी म्हटलं. ‘सगळ्यायलेच लागते.’

संध्याकाळी डॉक्टरांनी चार्ट पाहिला. तिसऱ्या दिवशी दूध उतरताना थोडा ताप येतोच, असं म्हणून ते पुढं गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी ताप कमी होता. दुपारी एकशे तीन. मी एकशे एक लिहिले. पाचव्या दिवशी सकाळीच ती बरळायला लागली, तेव्हा धावपळ झाली, पेनिसिलिन आलं, सगळं आलं. सहाव्या दिवशी दुपारी ती गेली. सासूनं बाळाला लुगड्यात गुंडाळलं आणि माझ्याकडं पाहून म्हणाली, ‘तुमी लय केलं तिच्यासाठी, बाई.’ हे वाक्य मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

मी बाईंच्या खोलीत जाऊन ढसाढसा रडले. मला तेव्हा नेमकं काय चुकलं ते ठाऊक नव्हतं, पण काहीतरी चुकलंय एवढं आतून समजत होतं. बाईंनी मला रडू दिलं. मग टॉवेल दिला आणि म्हणाल्या, ‘झालं? आता मोज.’

‘काय मोजू, बाई?’

‘सगळं. हात कधी धुतो, भांडी कधी उकळतो, ताप कसा पाहतो. जे आपण न बघता करतो ते एकेक करून बघ. कुठंतरी सापडेल. आणि तेच तुझं दिल्लीचं काम.’

त्यांनी मला एक जाड पुठ्ठ्याची वही दिली. पुढचं वर्षभर मी मोजत होते. हात धुणं झालं, भांडी झाली, त्यात फारसं काही निघालं नाही. मग पुढचा उन्हाळा आला आणि मी तापाकडं वळले. दोन थर्मामीटर घेतले. एक नेहमीसारखा लोशनमधला. दुसरा माठाच्या गार पाण्यात बुडवून, झटकून, लगेच तोंडात. एकाच बाईचा ताप दोन्हींनी पाहायचा आणि दोन्ही आकडे वहीत लिहायचे. नर्सा हसायच्या, ‘ही आता थर्मामीटरलेबी सरबत पाजून राहिली.’ हसा म्हटलं.

धडधाकट बायकांमध्ये पहिला थर्मामीटर एकशे एक दाखवी, माठातला साडेअठ्ठ्याण्णव. म्हणजे दोन वजा करणं साधारण बरोबर, असं मला वाटलं. मी खूशही झाले. मग एक बाई खरोखरच्या तापानं फणफणलेली आली. पहिला थर्मामीटर, एकशे तीन. माठातला, एकशे तीन. मी पुन्हा पाहिलं. तेच. थर्मामीटरमधला पारा वर चढतो, आपसूक खाली येत नाही. ऊन त्याला शंभरावर नेऊन ठेवतं हे खरं. पण बाईचा स्वतःचा ताप त्याहून जास्त असला, की दिसतो तो सगळा तिचाच ताप. त्यात उन्हाचं काहीच नसतं. धडधाकट बाईचे दोन काढले तर काही बिघडत नव्हतं. तापलेल्या बाईचे काढले, तर आपण तिचाच ताप पुसून टाकत होतो. मी पुसून टाकला होता. दोन दिवस, माझ्या हातानं, सुवाच्य अक्षरात.

ही रीत कोणी पाडली ते मला लिहायचं होतं. आमची म्हातारी आया सगळ्यात जुनी, तिला विचारलं. ती सुपारी कातरत होती. म्हणाली, ‘अवं, हे तं बाईनंच सुरू केलं. मी होती ना तवा.’

‘कोणत्या बाईनं?’

‘आपल्या बाईनं! अजून कोणत्या?’

आठ दिवस मी बाईंच्या खोलीकडं फिरकले नाही. गुरुवार आला, डोकं दुखतं असा निरोप पाठवला. माझ्या मनात काय काय आलं ते सांगायला लाज वाटते. रीत तेवढी लिहावी, कोणी पाडली ते गाळावं. किंवा सगळंच गाळावं आणि हात धुण्यावर काहीतरी गुळमुळीत लिहून दिल्ली गाठावी. बाई खूश होतील, गुरुवार चालू राहतील. पुढच्या वैशाखात जी बाई येईल तिचं काय, हा विचार आला की मी कूस बदलायचे. मला त्या मेलेल्या बाईपेक्षा आमच्या मेट्रनबाई जास्त हव्या होत्या. आहे हे असं आहे.

नवव्या दिवशी बाईच माझ्या खोलीवर आल्या. आधी कधी आल्या नव्हत्या. खाटेवर बसल्या आणि म्हणाल्या, ‘वही दे.’

त्यांनी चष्मा लावून पहिल्यापासून वाचलं. एकशे तीन आणि एकशे तीन लिहिलेल्या पानावर त्या बराच वेळ थांबल्या. त्यांना समजावून सांगायची गरज पडली नाही. मग म्हणाल्या, ‘पूर्वीचे डॉक्टर वेगळे होते. दुपारी ताप दिसला की बाळंतिणीला वेगळं टाकायचे, पोर तिच्यापासून तोडायचे. वैशाखात निम्म्या वॉर्डाचं दूध आटायचं. मी भांडले, कोणी ऐकलं नाही. मग मी मुलींना सांगितलं, दोन काढून लिहा. बायका पोरांजवळ राहिल्या. मला वाटलं, मी जिंकले.’ त्यांनी वही मिटली. ‘मी कधी मोजलं नाही बघ. तुम्हा सगळ्यांना मोजायला सांगत राहिले.’

मी म्हटलं, ‘बाई, मी हे गाळू शकते.’

त्यांनी वही माझ्या हातात ठेवली. म्हणाल्या, ‘लिही.’

‘तुमचंसुद्धा?’

‘लिही म्हटलं ना!’ पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला.

मी लिहिलं. लेख त्यांनीच तपासला, नेहमीसारखा, शिसपेन्सिलीनं. मी लिहिलं होतं, ‘ही पद्धत तत्कालीन मेट्रननं सुरू केली असावी, असं समजतं.’ बाईंनी ‘असावी, असं समजतं’ यावर रेघ मारली आणि वर लिहिलं, ‘केली.’ मग पुढच्या परिच्छेदातल्या माझ्या चुका दाखवल्या. मी त्यांच्यासमोर बसले होते. त्या तपासत होत्या आणि मी मनातल्या मनात म्हणत होते, नको म्हणा, बाई, एकदा नको म्हणा.

त्या हिवाळ्यात अमरावतीला चार जिल्ह्यांतल्या नर्सांचं आणि डॉक्टरांचं संमेलन होतं. आम्ही दोघी सकाळच्या मोटारीनं निघालो. बडनेऱ्याला संत्री घेतली. बाईंनी एक सोलून अर्धं मला दिलं. ‘घाई करू नकोस वाचताना,’ एवढंच म्हणाल्या.

मी घाई केली नाही. सगळं वाचलं. माझी स्वतःची चूक वाचली, त्या बाईच्या दोन दुपारी वाचल्या. मेट्रनचं वाक्य आलं, तेही वाचलं. वाचून झाल्यावर एक म्हातारे डॉक्टर म्हणाले, ‘काम उत्तम आहे. पण ही मेट्रन कोण? आज हयात आहे का?’ मी मनाशी ठरवून ठेवलं होतं, जुनी गोष्ट आहे, नक्की ठाऊक नाही, असं काहीतरी म्हणायचं. माझं तोंड उघडायच्या आत पुढच्या रांगेतून बाई उठल्या.

‘मी,’ त्या म्हणाल्या. आणि माझ्या खोलीत सांगितलं होतं ते सगळं त्यांनी तिथं सांगितलं, दूध आटण्याचंही. कोणी दुसरा प्रश्न विचारला नाही. मग त्या बसल्या आणि लोकांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या वाजत होत्या आणि मला कुठं बघावं ते कळत नव्हतं.

दवाखाना चालवणाऱ्या मंडळींनी चौकशी केली नाही. चौकशी केली तर दवाखान्याचं नाव जाईल, म्हणून त्यांनी बाईंनाच राजीनामा द्यायला सांगितलं. बाईंनी दिला. माझी दिल्लीची शिफारस त्यांनी त्याच आठवड्यात लिहिली, स्वतःच्या अक्षरात. त्यात काय आहे ते मला दाखवलं नाही. नर्सांनी माझ्याशी बोलणं टाकलं. आया मला पाहून पाठ फिरवायची. ज्या आयेनं मला सांगितलं तीच! बाई गेल्या त्या दिवशी मी ड्यूटीवर होते. त्यांनी सगळ्यांचा निरोप घेतला, माझाही घेतला, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, ‘दिल्लीला स्वेटर ने, थंडी फार असते.’ त्यांच्या जागी आलेल्या मेट्रनबाईंनी पहिल्याच उन्हाळ्यात प्रत्येक खाटेजवळ गार पाण्याचं भांडं ठेवायला लावलं, असं मला नंतर कळलं. रीत बंद झाली, यात मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण तो कोणाला सांगावा?

दिल्लीत वर्षभर राहिले. वर्गात मी एकटीच वऱ्हाडची. मुली चांगल्या होत्या, पण संध्याकाळी वसतिगृहाच्या गच्चीवर कपडे वाळत घालताना मी एकटीच मोठ्यानं वऱ्हाडीत बोलत बसायचे, भाषा विसरू नये म्हणून. बाईंना मी पाच पत्रं लिहिली. काय शिकले, कोण शिकवतं, काय समजत नाही, गुरुवारी त्यांच्याशी बोलले असते तसं सगळं. एकाचंही उत्तर आलं नाही. मी स्वतःला सांगितलं, त्या आजारी असतील. मग सांगितलं, टपाल हरवलं असेल. पाच-पाच वेळा हरवतं का कुठं!

परत आल्यावर मला अकोल्यातच नर्सिंगच्या शाळेत शिकवायचं काम मिळालं. मुलींसमोर मी उभी राहायचे आणि ‘बरी आहे म्हणजे काय?’ असं विचारायचे. त्या भेदरायच्या. एक पोरगी चुणचुणीत होती, गुरुवारी तिला खोलीवर बोलवावं असं माझ्या मनात आलं होतं. बोलावलं नाही. भीती वाटली.

पुढं काही वर्षांनी मी राजापेठेत बाईंकडं गेले. भावाच्या घरात वरच्या मजल्यावर एका खोलीत त्या राहत होत्या. केस पूर्ण पांढरे, डोळ्यांना कमी दिसायचं. मला आवाजावरून ओळखलं. चहा स्वतः केला, मला हात लावू दिला नाही. माझं काम, पगार, शाळेतल्या मुली, आईची तब्येत, सगळं विचारलं. पत्रांचा विषय मीच काढला.

‘मिळाली,’ त्या म्हणाल्या. ‘चांगली होती. इंग्रजी सुधारलंय तुझं.’

‘मंग उत्तर काहून नाही दिलं, बाई?’

त्यांनी कप खाली ठेवला. मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, ‘मी तुला लिही म्हणाले. मला तेच म्हणायला हवं होतं, आणि तू लिहिलंस तेच बरोबर होतं. त्यात तुझी काही चूक नाही. पण मला वाटलं होतं, माझ्यासाठी तू नाही लिहिणार.’

माझ्या तोंडून तेव्हा घरचीच भाषा बाहेर पडली. ‘बाई, मी तं वाट पाहून राहिली होती, तुमी नको म्हणान म्हणून. एकदा म्हटलं असतं तं फाडून फेकलं असतं.’

‘हो का?’ त्या म्हणाल्या, आणि हसल्या. ‘मग बरं झालं, नको म्हणाले नाही ते.’

पुन्हा ये, असं त्या म्हणाल्या नाहीत. मी येते म्हटलं आणि उठले. त्यानंतर बाई चार वर्षं होत्या. अकोल्याहून अमरावती म्हणजे सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला पोचता येतं. मी गेले नाही.